लुसी टीचरकडचे पाहुणे

माणिकपूरच्या आमच्या बालवाडीत बावीस मुलं आहेत आणि तीन खुर्च्या. एक लुसी टीचरची, एक माझी आणि तिसरी रागाची.

तिसरी खुर्ची हिरव्या प्लॅस्टिकची आहे, लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली. तिच्यावर कोणी बसायचं नाही. "राग येतो असंच म्हणतो ना आपण? मग आलेल्याला बसायला नको?" हे टीचरचं म्हणणं. ज्याला राग आला त्याने खुर्ची ओढून आणायची, रागाला बसवायचं आणि पेलाभर पाणी आणायचं. रागाला हात नसतात, म्हणून पाणी मुलानेच प्यायचं. मग विचारायचं, कशासाठी आलास? त्याचं ऐकून घ्यायचं आणि तो जाईपर्यंत शेजारी उभं राहायचं. जेवायला मात्र ठेवून घ्यायचं नाही. "चहापाण्यापुरता बरा," टीचर सांगतात. "डबे उघडले की त्याने निघायचं."

रागाला खुर्ची, तर रडू आलं की खिडकीजवळची उशी. लाज आली तर तिला पडद्यामागे जागा. कंटाळ्याला दाराबाहेर चपलांपाशी उभं करतात, कारण तो एकदा आत शिरला की उठायचं नाव घेत नाही. हसू आलं तर काहीच करावं लागत नाही. ते सगळा गोतावळा घेऊन येतं आणि कुठेही बसतं.

नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी हे सगळं बघून मला वाटलं, या बाईंना कोणीतरी दोन गोष्टी शिकवायला हव्यात. मी अर्नाळ्याची. आमच्या घरात बोटीवर जाणारे झाले, जाळी विणणारे झाले, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या तर सगळ्याच. पण बी.ए. झालेली मी पहिली, तेही मानसशास्त्र घेऊन. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. आईला मात्र अजून पटलेलं नाही. "येवढं शिकलीस नि कोनाच्या पोरांना पानी पाजतेस?" असं ती आठवड्यातून एकदा तरी विचारते.

तर मी टीचरना समजावलं, "तुम्ही करता ना, त्याला भावनिक नियमन म्हणतात."

टीचर मुलांची नावं घातलेल्या पिशव्या खुंटीला लावत होत्या. "नियमन म्हणजे काय गो बाय? नळाला पाणी येतं तसं, एक दिवसाआड?"

मी दोन संध्याकाळी बसून रंगीत तक्ता केला. हसरा चेहरा, रडका चेहरा, बाण, चौकटी. टीचरनी तो फार कौतुकाने बघितला, मला शाबासकी दिली आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर कोणत्या दिवशी कोणता खाऊ ते लिहून भिंतीला लावला.

लुसी टीचर साठीच्या आहेत. नंदाखालहून येतात. घरी त्या आणि केळीची छोटीशी वाडी, बाकी कोणी नाही. त्यांनी लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "राहिलं. दर वर्षी जूनमध्ये नवीन मुलं यायची, त्या गडबडीत." दर शुक्रवारी त्या घरून सुकेळी आणतात. ही आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. एकेक तुकडा मुलाच्या तळहातावर ठेवायचा आणि सगळ्यांना मिळेपर्यंत कोणी खायचा नाही. बावीस मुलं, त्यात टीचरचा वाटायचा वेग असा की बैलगाडी बरी. शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचा तळहात चिकट झालेला असतो. चाटलं तर चालतं का, यावर दर शुक्रवारी वाद होतो. टीचरचा निवाडा ठरलेला. "हात तुझा आहे, तो चाट. सुकेळं सगळ्यांचं आहे, ते थांबेल."

"शांत बस" हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. माझ्या तोंडून एकदा निसटले, तर म्हणाल्या, "शांत कसं बसतात ते त्याला माहीत असतं तर बसला नसता का? दाखव ना मग बसून." मी बसले. मी दोन मिनिटंही धड बसू शकत नाही हे मला तेव्हा कळलं, आणि दुर्दैवाने बावीस मुलांनाही कळलं.

यात वेदांत आला. साडेचार वर्षांचा, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीतला. आईवडील दोघंही नोकरीसाठी मुंबईला जाणारे. राग आला की हा जमिनीवर आडवा व्हायचा आणि हाताशी येईल ते चावायचा. एका मोठ्या शाळेत त्याला सीनिअर केजीसाठी नेलं होतं. लहान मुलांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून शाळेत तिला 'गप्पा' म्हणतात. या गप्पांमध्ये वेदांत टेबलाखाली गेला आणि टेबलक्लॉथ घेऊनच बाहेर आला. शाळेने सांगितलं, मूल अजून तयार नाही. तीन महिन्यांनी एकदा परत आणा, तेव्हाही असंच झालं तर प्रवेश विसरा.

त्याची आई टीचरसमोर रडायलाच लागली. एका मुलीने तिला उशी आणून दिली.

पहिले तीन आठवडे वेदांतने खुर्चीला लाथा घातल्या. टीचर म्हणायच्या, "आलेल्याला असं करतात का? पाणी तरी विचार." चौथ्या आठवड्यात त्याने पाणी विचारलं. पेला फेकला, पण विचारलं.

मधेच एका शनिवारी त्याचे वडील आले. तावातच होते. "मॅडम, दीड महिना झाला, याला अजून एबीसीडी पूर्ण येत नाही. इथे शिकवता काय? पाणी प्यायला?" आणि बोलता बोलता त्यांनी हिरवी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

सगळी मुलं खुर्चीकडे बघायला लागली. मग वेदांत हळूच म्हणाला, "पप्पा रागाच्या मांडीवर बसले."

वडील ताडकन उठले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टीचर हातातला पेला पुढे करून म्हणाल्या, "घ्या. तुम्ही दोघं मिळून प्या."

ते पाणी प्यायले आणि पेला टीचरच्या हातात देऊन गेले. मी म्हटलं, "टीचर, आता मुलाला काढणार हे."

"येऊ दे, जाईल," टीचर म्हणाल्या. हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं उत्तर असतं, त्यामुळे माणसाबद्दल बोलतायत की रागाबद्दल ते मला कळलं नाही.

मोठ्या शाळेने परत बोलावलेला दिवस आला तेव्हा वेदांतची आई विनवायला लागली, "टीचर, तुम्ही चला ना सोबत." टीचर नाही म्हणाल्या. "मी आले तर तो माझ्याकडे बघत राहील. तिथे मी असणार आहे का रोज?"

पुढचं त्याच्या आईने सांगितलं ते असं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला रंगीत मणी ओवायला दिले. तो रमला. निम्मी माळ झाली तोच वेळ संपला म्हणून बाईंनी मणी उचलले. वेदांतचे कान लाल झाले. आईने डोळेच मिटले. उघडून बघते तर हा वडिलांचा हात ओढतोय. "पप्पा, उठा. खुर्ची पाहिजे."

मुंबईच्या ऑफिसात ज्यांच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, ते वडील उठले. वेदांतने खुर्ची नीट केली, टेबलावरचा बाईंचा ग्लास उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"कोण बसलंय तिथे?" बाईंनी विचारलं.

"राग. तुम्ही मणी घेतले म्हणून आलाय."

"गेला का?"

"नाही. तुमच्याकडेच बघतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनीही रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बऱ्याच वेळाने वेदांत म्हणाला, "गेला. पप्पा, बसा."

प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी वडील पेढे घेऊन आले आणि बराच वेळ उभेच राहिले. शेवटी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "मॅडम, यातली मोकळी खुर्ची कुठली?"

टीचरनी पेढा घेतला, वेदांतच्या गालाला हात लावला आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "आता याला इथे पाठवू नका. काम झालं." इतक्या रुक्षपणे, की मला त्यांचाच राग आला. पुढे एप्रिलभर आणि मेभर त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

मोठ्या शाळा उघडल्या त्या दिवशी आमची बालवाडी बंद होती. मी काही कामासाठी माणिकपूरला गेले होते. वेदांतच्या शाळेसमोर ही गर्दी, आत जाणारी मुलं रडतायत, बाहेरचे पालक रडतायत. समोर रिक्षास्टँड. तिथे एका उभ्या रिक्षाच्या आत, मागच्या सीटवर, कोपऱ्यात अंग चोरून लुसी टीचर बसल्या होत्या.

"तुम्ही इथे काय करताय?"

"आत ये आधी. दिसशील त्याला."

मी आत बसले. वेदांत आला. नवीन गणवेश, पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. आईचा हात सोडला, फाटकापाशी जरा थांबला, शिपायाला काहीतरी विचारलं आणि आत गेला. मागे वळून बघितलं नाही. टीचर सीटच्या कडेवर आल्या होत्या. तो दिसेनासा झाला तशा मागे टेकल्या.

"दर वर्षी येता?"

"पहिल्याच दिवशी फक्त. कोणाला गरज पडली तर."

"पडली कधी?"

"अजून तरी नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "चल, पुढच्या शाळेत आपल्या दोन मुली आहेत. त्यांचं दहाला आहे."

त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. जड दिसली म्हणून मी घेतली, तर हलकीच निघाली. आत रुमाल होते आणि वेगवेगळ्या मापांच्या सहा छोट्या चड्ड्या, इस्त्री करून घडी घातलेल्या.

"कोणाची ओली झाली तर मोठ्या शाळेत बदलायला या कोण ठेवतं गो?" टीचर म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.