उगाच घेतलेली गाडी

लविरा गाडीचं स्पोर्ट मॉडेल बाजारात आलं, त्याच आठवड्यात बार्शीच्या कापसे मंडळींची साधी लविरा वीतभर लहान झाली.

हे पहिल्यांदा कुमुदच्या लक्षात आलं. गाडी घेतल्यापासून फाटक आणि बंपर यांच्यामधून तिला अंग चोरून जावं लागे. पदर सावरावा लागे, श्वास आत ओढावा लागे. त्या सकाळी ती रांगोळीचा डबा घेऊन सरळ चालत गेली आणि फाटकापाशी पोचल्यावर थबकली. तिला वाटलं, फाटकच सरकलं असेल. पण फाटक जागच्या जागी होतं. मग तिने गाडीकडे पाहिलं. गाडी बिचारी गप्प उभी होती.

"अहो, गाडी लहान झालीय," तिने आत येऊन सांगितलं.

श्रीरंग पोहे खात होता. "किती?" त्याने विचारलं.

"वीतभर."

"पुढून की मागून?"

"सगळीकडून थोडी थोडी."

"मग बरं. एकाच बाजूने झाली असती, तर वाकडी दिसली असती."

श्रीरंगची थोरली बहीण, शकुंतलाआक्का, पलीकडे खुर्चीत बसली होती. तिचा उजवा पाय समोर स्टुलावर सरळ ठेवलेला होता. जिन्यावरून पडल्यापासून तो गुडघ्यात वाकत नसे. रिक्षात तो बाहेर राही, एसटीत मधल्या वाटेत येई आणि लोक त्याला ओलांडून जात. लविरा घेतली ती याच पायासाठी. पाच गाड्या पाहिल्या होत्या, त्यांत हिचंच पुढचं सीट पाय सरळ राहील इतकं मागे जायचं. श्रीरंगला गाडी चालवताना झोप येते म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी कुमुद गाडी शिकली, तीही या पायासाठीच.

"माझा पाय काही लहान झालेला नाही," आक्का म्हणाली. "येत्या रविवारी लातूरला जायचंय. मेघनाचं डोहाळजेवण आहे. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

मेघना ही आक्काची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती लातूरला गेली, पण तिचं घर आक्काने अजून पाहिलं नव्हतं.

कुमुदने शोरूमला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "नवीन मॉडेल आलं की होतं असं, मॅडम. माणूस पाठवते."

दुसऱ्या दिवशी बिराजदार नावाचे गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप होती. त्यांनी गाडी पुढून, मागून, पोटाखालून मोजली. मग चपला काढून घरात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आक्रसलीय."

"ते आम्हालाही दिसतंय," श्रीरंग म्हणाला. "कशाने?"

"पस्ताव्याने. घरात कोणीतरी गाडी घेतल्याचं पस्तावतंय. स्पोर्ट मॉडेल आलं, त्याला लाल पट्टा आहे, काळी चाकं आहेत, मागे शेपटी आहे. ते पाहून माणसाच्या मनात येतं, की थांबलो असतो तर. ते साध्या गाडीला सहन होत नाही. लोहाऱ्याच्या एका डॉक्टरांची गाडी आता देवघरात ठेवलीय. चालते अजून. पण बसणार कोण?"

"वॉरंटीत बसतं का हे?"

"इंजिन बसतं. मन बसत नाही." बिराजदारांनी कप खाली ठेवला. "कोण पस्तावतंय ते शोधा. मी शुक्रवारी येतो."

त्या दिवसापासून घरात कोणी कोणाकडे सरळ पाहीना.

कुमुदचा संशय नवऱ्यावर होता, आणि तो काही हवेतला नव्हता. दुकान बंद करून घरी यायला त्याला उशीर होत होता. एकदा कुमुदने त्याला शोरूमच्या काचेसमोर उभं असलेलं पाहिलं होतं, हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसं. मोबाईलमध्ये त्या लाल पट्ट्याचा फोटोही होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"फोटो."

"कशाला काढलात?"

"नुसता बघतो गं. बघणं म्हणजे पस्तावणं का? मी तुळजापूरचा घाटही बघतो."

"घाटाचा फोटो नाही तुमच्या मोबाईलमध्ये."

श्रीरंगचा संशय आक्कावर होता. तीच परवा म्हणाली होती, की नव्या गाडीला म्हणे छताला खिडकी आहे. आणि आक्काचा संशय कुमुदवर होता. तो ती बोलून दाखवत नव्हती, पण कुमुद चहा घेऊन गेली की आक्का म्हणायची, "ठेव तिथे. गाडी लहान झाली की पहिल्यांदा कोणाची जागा जाते, ते मला कळतं हो."

"असं काय बोलता आक्का!"

"मी कुठे काय बोलले? मी गाडीचं बोलले."

गाडी मात्र रोज थोडी थोडी कमी होत होती. बुधवारी डिकीत भाजीची पिशवी मावेना. गुरुवारी श्रीरंगचं डोकं छताला लागलं. तो दिवसभर डोकं चोळत राहिला, आणि ते चोळणंही कुमुदला संशयास्पद वाटलं.

शुक्रवारी बिराजदार आले. कोणी कबूल झालं का, असं त्यांनी विचारलं. कोणी झालं नव्हतं. "मग चाचणी घेऊ," ते म्हणाले. "एकेकाने गाडीत बसायचं, काचा लावायच्या आणि मनात असेल ते बोलायचं. मी बाहेर टेप धरून उभा राहतो."

आधी श्रीरंग बसला. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. टेप हलली नाही. तो उतरला आणि जरा ताठ मानेने म्हणाला, "मी त्या स्पोर्टमध्ये बसूनही आलोय. सीट मागे जात नाही तिचं. आक्काचा पाय बसणार नाही. मग मला ती आवडलीच नाही."

कुमुदला स्वतःची थोडी लाज वाटली.

मग आक्काला बसवलं. पाय कसाबसा आत गेला. टेप हलली नाही. मग कुमुद बसली, "मला काही पस्तावा नाही, देवाशपथ नाही," असं म्हणाली आणि उतरली. तेव्हाही टेप हलली नाही.

बिराजदार कोड्यात पडले. "चौथं कोणी राहतं का इथे?"

तेवढ्यात शेजारच्या होनराववहिनी भिंतीवरून डोकावल्या. गाडीभोवती एवढी माणसं पाहून त्या म्हणाल्या, "काय कुमुदताई, गाडी धुताय का? छान आहे हो तुमची गाडी!"

"कसली छान," कुमुद लगेच म्हणाली. "उगाच घेतली बघा. थोडं थांबलो असतो, तर ती स्पोर्टवाली तरी आली असती."

गाडीतून सुपारी फुटावी तसा कट् आवाज आला. बिराजदारांच्या हातातली टेप सैल होऊन लोंबली.

"सापडलं," ते म्हणाले.

होनराववहिनी केव्हाच आत गेल्या होत्या. कुमुदच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि आक्का सर्वांत जास्त.

"पण ते मी मनापासून नाही म्हटलं!" कुमुद म्हणाली. "असं म्हणायचं असतं. कोणी चांगलं म्हटलं की आपण कमीपणा घ्यायचा. नाहीतर दृष्ट लागते."

"रोज म्हणता?"

"कोणी विचारलं तरच. दूधवाल्याला म्हटलं. भिशीत म्हटलं. जोशांकडे हळदीकुंकवाला म्हटलं."

"गाडीला मन दिसत नाही, ताई," बिराजदार शांतपणे म्हणाले. "तिला ऐकू येतं. ज्यांनी तिची रचना केली, त्यांच्याकडे असं बोलत नाहीत. त्यांच्याकडे उगाच म्हणजे उगाच."

"मग आता काय करायचं?" श्रीरंगने विचारलं.

"परक्या माणसाने गाडीला चांगलं म्हटलं पाहिजे, आणि यांनी ते कबूल केलं पाहिजे. बंद काचेआड बोललेलं ती धरत नाही, ते मलाही आजच कळलं." त्यांनी टेप गळ्यात घातली आणि चपला शोधल्या.

वरून हे सोपं वाटतं. पण कुमुदने जन्मात असं काही केलं नव्हतं. साडीला कोणी चांगलं म्हटलं की ती जुनी असायची, पुरणपोळीला चांगलं म्हटलं की ती नेमकी आज बिघडलेली असायची. हे खोटं बोलणं नव्हतं. दुधावर झाकण ठेवावं तसं होतं ते. तिच्या आईने ठेवलं होतं, आजीने ठेवलं होतं. शनिवारी दूधवाल्याने विचारलं, "कशी चाललीय गाडी?" कुमुदने खूप जोर केला. घशातून "बरी आहे" एवढंच आलं. गाडी लहान झाली नाही, पण मोठीही झाली नाही.

रविवारी सकाळी आक्का हिरवी साडी नेसून, ओटीचं सामान पिशवीत घेऊन तयार झाली. पुढचं सीट होतं तेवढं मागे केलं. आक्का बसली. पाय आत घेतला, तिरका केला, उचलून पाहिला. टाच चार बोटं बाहेर राहिली. श्रीरंगने दार लावून पाहिलं. लागेना. त्याने पुन्हा लावलं, तेव्हा आक्का कळवळली.

"राहू दे रंगा," ती म्हणाली. "मला उतरव. तुम्ही दोघं जाऊन या. मेघनाला सांगा, आईला ताप आला."

"आक्का, थांबा जरा."

"अगं थांबून काय पाय छोटा होणार आहे? गाडी तुमची, बोलणं तुमचं. मला कळलं जे कळायचं ते."

आक्काने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. तिच्या हिरव्या बांगड्या नवीन होत्या. कुमुद तरातरा भिंतीपाशी गेली.

"होनराववहिनी! अहो होनराववहिनी!"

होनराववहिनी हातात झारी घेऊन आल्या.

"आमच्या गाडीला जरा छान म्हणा."

"का?"

"म्हणा तर."

होनराववहिनींनी डोळे बारीक केले. "विकायची आहे का?"

"नाही."

"मग काही अपघात-बिपघात झालाय का? माझ्याकडून वदवून घ्यायचं आणि मग गळ्यात मारायचं?"

"नाही हो. एकदा म्हणा, एवढंच."

"बरं बाई. छान आहे."

कुमुदच्या जिभेवर "कसली" आलंच होतं. तिने ते आवंढ्याबरोबर गिळलं.

"हो," ती म्हणाली. "छान आहे."

मागे गाडी हुंकारली.

"फार छान आहे. त्या लाल पट्टेवालीपेक्षा मला हीच आवडते. आम्ही बरोबर घेतली. विचार करून घेतली. आणि मी ती चांगली चालवते."

होनराववहिनींची झारी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्याच पायावर पडायला लागलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "एवढं काय! आमचीही काही टाकाऊ नाही." आणि त्यांनी गाडीकडे अशी नजर टाकली, की कुमुदला ती मुळीच आवडली नाही. पण गाडीला काही झालं नाही. ती पत्र्यातल्या पत्र्यात कुरकुरत वाढत होती. सीट मागे सरकलं, आक्काची टाच आत गेली आणि दार एका धक्क्यात लागलं.

दुपारी बारा वाजायच्या आत ते लातूरला पोचले. मेघना झोपाळ्यावर बसली होती. आईला दारात पाहून ती उठायला लागली, तर बायकांनी तिला दाबून खाली बसवलं. आक्काने तिची ओटी भरली, तिचं घर खोली खोली फिरून पाहिलं, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून पाहिले.

पंगत बसली. कुमुद वाढायला लागली. मेघनाच्या सासूबाई आक्काला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची भावजय सोन्यासारखी आहे हो. एवढ्या लांब स्वतः गाडी चालवत घेऊन आली तुम्हाला."

"कसली हो," आक्का घास मोडता मोडता म्हणाली. "चालतंय आपलं."

कुमुदच्या निऱ्या एक बोट खाली आल्या आणि फरशीवर लोळायला लागल्या. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, निऱ्या वर खोचल्या आणि पुढच्या पानावर वाढायला गेली. आक्काचा घास हातातच राहिला. ती कुमुदच्या पायांकडे बघत होती.

निघताना ऊन उतरलं होतं. श्रीरंग मागे बसला. आक्काला पुढे बसवून कुमुद आपल्या जागेवर आली.

"कुमुद," आक्का म्हणाली, "लग्नात तू उंचीला रंगाच्या कानापर्यंत होतीस ना गं?"

"हो."

"आता खांद्याला लागतेस."

"हो, आक्का."

आक्काने ओटीच्या रिकाम्या पिशवीची मांडीवर घडी घातली.

"मला वाटायचं, रंगाच वाढतोय," ती म्हणाली.

कुमुदने आपलं सीट एक खाच पुढे ओढलं आणि गाडी सुरू केली.