सतरा नंबरच्या फोटोचं ठिकाण

ज्या फोटोखाली ठिकाण लिहिलेलं नाही, तो फोटो कुठेच काढलेला नसतो. फोटोतल्या माणसांना हे पटत नाही. पण ती बहुधा हयात नसल्यामुळे त्यांची हरकत विचारात घेता येत नाही.

याच भक्कम पायावर लष्करी संग्रहालयाचा स्थळनिश्चिती विभाग उभा होता. एक टेबल, एक पंखा, दोन कपाटं आणि भिंगकाका, एवढाच त्याचा लवाजमा. काकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. खिशाला पेनाऐवजी भिंग अडकवून हिंडतात म्हणून रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणत. जुन्या सैनिकांच्या घरून आलेले अल्बम घ्यायचे, कुठला फोटो कुठे काढलाय ते शोधायचं आणि समितीपुढे ठेवायचं, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी नऊशे चार फोटोंची ठिकाणं शोधली. समितीने त्यातली अकरा मान्य केली. (त्या अकरा फोटोंत ठिकाणाच्या नावाची पाटीच दिसत होती. दोन पाट्यांबद्दल अजून शंका आहे.)

समिती तिघांची. अध्यक्ष निवृत्त साहेब. फोटोत डोंगर दिसला की तो त्यांना शौर्याचा वाटे, आणि सपाटी दिसली की मोक्याची. दुसरे भूगोलाचे सर. ते पट्टीने सावल्या मोजून अक्षांश काढत, आणि दोनदा काढलेला अक्षांश एकच आला तर तो संशयास्पद ठरवत. तिसऱ्या सदस्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, कारण त्यांना आजवर एकाही बैठकीचं पत्र पोचलेलं नव्हतं.

एका सोमवारी चाळिशीतली एक बाई उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला अल्बम घेऊन आली. दवाखान्यात नर्स होती, रजा टाकून आली होती. वडील हवालदार होते, गेल्या वर्षी वारले. अल्बममध्ये एकेचाळीस फोटो, आणि एकाही फोटोमागे अक्षर नाही.

"काका, बाकीचे चाळीस तुम्ही कुठेही लावा," ती म्हणाली. "मला फक्त या एकाचं ठिकाण हवंय."

तो सतरा नंबरचा फोटो होता. अर्धी रंगवलेली भिंत, तिच्यापुढे चार तरुण सैनिक, चौघेही पोट धरून हसताहेत. एकाच्या हातात चुन्याचा ब्रश. डावीकडून दुसऱ्याची टोपी कानावर घसरलेली, मान मागे, डोळे मिटलेले.

"हे बाबा," ती म्हणाली. "घरी कधी हसले नाहीत हो. वाईट नव्हते. मी पहिली आले तेव्हा म्हणाले, ‘ठीक आहे.’ लग्न ठरलं तेव्हाही म्हणाले, ‘ठीक आहे.’ आम्हाला वाटायचं, त्यांना हसता येतच नाही. आणि हे बघा! कुठे हसले तेवढं कळलं तरी पुरे. एकदा तिथे जाऊन उभी राहीन म्हणते."

अर्जाच्या नमुन्यात ‘प्रयोजन’ या रकान्याला छापील पर्याय तीन होते: संशोधन, प्रदर्शन, वाद. भिंगकाकांनी तिन्ही खोडले आणि स्वतःच्या अक्षरात ‘उभं राहणे’ असं लिहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीतला हा पहिला नियमभंग. घाम फुटायला हवा होता, पण उलट जरा बरंच वाटलं.

बैठकीत साहेबांनी फोटो हातभर लांब धरला. "सरहद्दीवरची चौकी," ते म्हणाले. "शत्रू शंभर हातांवर. आणि पोरं हसताहेत! याला म्हणतात मनोधैर्य."

"साहेब, हातात चुन्याचा ब्रश आहे," भिंगकाका हळूच म्हणाले.

"मग? सैन्यात कुणी चुना लावत नाही?" (या वाक्याचा दुसरा अर्थ इतिवृत्तात घेतलेला नाही.)

सरांनी सावली मोजली. हिशेबाने ती भिंत भर समुद्रात निघाली. सरांनी तो जहाजाचा फोटो असण्याची शक्यता खुली ठेवली, आणि चहाची वेळ झाल्यामुळे बैठक तहकूब झाली.

भिंगकाकांनी मात्र भिंग सोडलं नाही. फोटोच्या अगदी कडेला, खिळ्याला टांगलेला एक आरसा त्यांना दिसला, आणि त्याखाली खुर्चीचा एक हात. आरसा आणि खुर्ची म्हणजे छावणीतला न्हावी, आणि न्हाव्याला माहीत नाही अशी गोष्ट छावणीत होत नाही. निवृत्तांच्या याद्या चाळता चाळता न्हावी सापडला. वय त्र्याऐंशी, मुक्काम मुलाकडे, बसने तीन थांबे. काका स्वतः जाऊन आजोबांना घेऊन आले.

आजोबांनी फोटो पाहिला आणि चष्मा न शोधताच म्हणाले, "ही तर तुमच्या सायकल स्टँडची भिंत!"

"कुठली?"

"ही काय, खिडकीबाहेरची. तेव्हा आमची छावणी इथेच होती. संग्रहालयाचं खूळ नंतरचं." मग त्यांना एकदम हसू आलं. "कुणी बडा साहेब पाहणीला यायचा होता, म्हणून भिंत रंगवायचा हुकूम. आमचे सुभेदार फोटो काढत होते. ‘ताठ उभे राहा! कुणी हसायचं नाही!’ असं ओरडत मागे मागे सरकले ते थेट चुन्याच्या पिंपात बसले. बसताना बटण दाबलं गेलं, तोच हा फोटो. त्यांच्या मिशीतला चुना काढायला मला सगळी दुपार लागली."

समितीने आजोबांची साक्ष गंभीरपणे ऐकली.

"तुम्ही त्या वेळी तिथे हजर होता?" साहेबांनी विचारलं.

"होतो की."

"म्हणजे तुमचा या प्रकरणाशी संबंध आहे. मग तुम्हाला तटस्थ कसं मानायचं?"

भिंत प्रत्यक्ष पाहावी, असाही एक प्रस्ताव आला. अंतर तीस पावलं होतं. पण समितीला स्थळभेटीला जायचं तर स्थळ आधी निश्चित झालेलं असावं लागतं, आणि स्थळ निश्चित करायलाच तर भेट हवी होती. "साहेब, नुसता पडदा सारला तरी दिसेल," भिंगकाका काकुळतीला येऊन म्हणाले. सरांनी लक्षात आणून दिलं की पडदे देखभाल विभागाच्या अखत्यारीत येतात. मग ठराव झाला: ‘सरहद्दीवरील अज्ञात चौकी, शत्रूपासून शंभर हात.’ बाजूने दोन, विरुद्ध कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भिंगकाका त्या बाईला आणि आजोबांना घेऊन सायकल स्टँडवर गेले. पोपडे आलेल्या भिंतीवर कुणीतरी ‘येथे सायकली लावू नयेत’ असं लिहिलेलं होतं, आणि खाली वीसेक सायकली लावलेल्या होत्या. आजोबांनी बाईला खांद्याला धरून उभं केलं. "जरा डावीकडे सरक, पोरी. हां. तुझा बाप इथे."

ती उभी राहिली. पर्स छातीशी धरून, शाळेच्या फोटोसारखी ताठ. इथवर आल्यावर पुढे काय करायचं असतं, ते तिला कळेना.

"मग सुभेदार कसे पडले?" तिने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"कसे म्हणजे?" आजोबा पेटले. "असे!" आणि काठी उगारून, "कुणी हसायचं नाही!" असं गरजत, ते मागे मागे निघाले. भिंगकाकांनी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत पहिली सायकल दुसरीवर गेली होती. दुसरी तिसरीवर. घंट्या वाजवत शेवटची सायकल आडवी झाली तेव्हा आजोबा एका कॅरिअरवर सुखरूप बसले होते आणि अजूनही ओरडत होते, "मी सांगितलं ना, हसायचं नाही!"

बाई हसली. आधी हाताने तोंड दाबून, मग हात सोडून. मान मागे गेली, डोळे मिटले, पर्स पडली. भिंगकाकांनी भिंगाशिवाय पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. तिघांनी मिळून सायकली उभ्या करायला अख्खी सुट्टी गेली, कारण एक उभी करून झाली की कुणीतरी पुन्हा हसत होतं.

सतरा नंबरचा फोटो आता मुख्य दालनात आहे. पुरुषभर उंच, पितळी पाटीसकट. पाहणीनुसार शंभरातले सत्त्याऐंशी लोक त्याच्यापुढे थांबतात, चौसष्ट छाती पुढे काढतात, आणि एकोणसाठ त्याच्याकडे पाठ करून, हनुवटी वर उचलून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने स्वतःचा फोटो काढून घेतात. ते चौघे कशाला हसताहेत, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही येऊन गेला असाल; मोबाइल उघडून पाहा. पुढे तुम्ही ताठ उभे आहात आणि मागे चार जवान तुमच्याकडे बघून पोट धरून हसताहेत. ते नेमके कुणाला हसताहेत, हा प्रश्न सध्या समितीपुढे आहे. सुभेदार त्या फोटोत नाहीत, एवढंच तूर्तास निश्चित झालं आहे.