पांढऱ्या डोळ्याचं पेन

गॅलरीतलं लेथ मशीन घरात राहणार की भंगारात जाणार, ही गोष्ट शेवटी एका पेनावर येऊन ठेपली. अट बायकोची होती. घराबाहेरच्या एका तरी माणसानं जावईबापूंनी बनवलेलं पेन आठवडाभर आपणहून वापरून दाखवावं. नाहीतर मशीन जाईल आणि त्या जागी पूर्वीसारखे कपडे वाळतील.

(जावईबापू हे सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. ऑफिसात ते नुसते आवक-जावकवाले होते आणि घरात "अहो".)

अट जाचक होती, पण तिची चूक म्हणता येणार नाही. तीन वर्षांत या गृहस्थांनी एकेचाळीस पेनं बनवली होती. आबनूसाचं पेन इतकं जड झालं की दोन पत्रं लिहून मेव्हण्याचं मनगट धरलं. जांभळ्या परदेशी लाकडाचं पेन देखणं होतं, पण त्याचं टोपण एकदा लागलं ते लागलंच. शिंगाच्या पेनाला असा वास यायचा की ते कोणी खिशाला लावेना. शिवाय घरभर भुसा. चहाला गेली दोन वर्षं शिसवीची चव येते, असं बायको पाहुण्यांसमोर सांगायची.

तेव्हा जावईबापूंनी ठरवलं की बेचाळिसावं पेन थेट ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना द्यायचं. साहेब पेनांचे शौकीन, त्यांच्यासमोर साधं लाकूड घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. लाकूडवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की यावेळच्या मालाबरोबर एक वेगळीच चीज नमुना म्हणून बाटलीत घालून पाठवतो. रेझिनमध्ये बुडवा, सुकलं की लेथवर कातून बघा, असं पेन जगात दुसरं सापडायचं नाही.

पार्सल आलं त्याच दिवशी सासरे पित्ताशयाचं ऑपरेशन उरकून मुलीकडे विश्रांतीला आले. संध्याकाळी जावईबापू घरी येऊन बघतात तर जेवणाच्या टेबलावर पार्सल फोडून ठेवलेलं (आता आणखी काय कचरा आणला, हे बघायला बायको त्यांची सगळी पार्सलं स्वतः फोडायची) आणि शेजारीच एक छोटी प्लॅस्टिकची बाटली. आत सतरा खडे. काही हिरवट, काही मधाच्या रंगाचे, आणि सगळ्यांत मोठ्यावर डोळ्यासारखा पांढरा ठिपका. लेबलावरचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण लाकूडवाल्याचंही अक्षर कधी कोणाला वाचता आलं नव्हतं. त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

खडे रेझिनमध्ये बसले, कांडी सुकली, लेथवर चढली. पातं लागलं तशी एकेका खड्याच्या आतून वर्तुळं दिसू लागली, झाडाच्या बुंध्यात असतात तशी, एकात एक. पांढरा डोळा तर नेमका वरच्या बाजूला आला. जावईबापूंचा ऊर भरून आला. इतकं सुंदर पेन त्यांच्या हातून यापूर्वी झालं नव्हतं.

साहेबांना पेन भलतंच आवडलं. विचार करताना पेनाचं मागचं टोक दातांत धरायची त्यांना सवय होती, आणि त्या आठवड्यात त्यांनी पुष्कळ विचार केला. आठव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की हे ज्या मशीनवर झालं, ते मशीन बघायला मी रविवारी तुमच्या घरी येणार.

इकडे घरात सासरे आठवडाभर कसलीशी बाटली शोधत होते. जावईबापू मशीनच्या आवाजामुळे कानांवर झाकणं लावून गॅलरीत असायचे, त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं की बाबांची बाटली हरवली. मेडिकलमधून दुसरी आणून देतो, असं ते मायेनं म्हणाले. त्यानंतर सासरे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ऑपरेशननंतर अशक्तपणा येतोच, असं जावईबापूंना वाटलं.

रविवारी साहेब आले, सोफ्यावर बसले, सवयीनं पेन काढून दातांत धरलं आणि सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. तेवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला म्हणून ते गॅलरीत गेले.

"दादा, माफ करा," लाकूडवाला म्हणाला, "ती नमुन्याची बाटली इथेच राहिली. उद्या पाठवतो."

"मग मला आली ती?"

"तुम्हाला कुठं बाटली आली?"

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज येत होता.

"सतरा खडे निघाले, साहेब. डॉक्टर म्हणाले, असे व्हायला वर्षं लागतात. कौतुकानं बाटलीत घालून दिले. घरी आलो आणि बाटली गायब."

साहेब पेन चघळत सहानुभूतीनं मान हलवत होते. जावईबापू धावले. पॉलिश राहिलंय, जरा पेन द्या, असं काहीतरी ते पुटपुटले. काही राहिलेलं नाही म्हणत साहेबांनी पेन रुमालाला पुसलं आणि जावयाची करामत बघा म्हणून सासऱ्यांच्या हातात ठेवलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. पेन उजेडात धरलं, हळूहळू फिरवलं आणि थांबले.

"हा माझा," ते म्हणाले.

"पेन?" साहेबांनी विचारलं.

"खडा. हा पांढऱ्या डोळ्याचा. हाच पित्ताच्या नळीत अडकला होता." त्यांचं बोट पुढे सरकलं. "आणि हा त्याच्या शेजारचा."

साहेबांनी पेनाच्या मागच्या टोकाकडे पाहिलं. तिथे त्यांच्याच दातांच्या खुणा होत्या. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं, पण ती काही दुभंगली नाही. मग साहेबांनी अगदी हळू आवाजात बेसिन कुठे आहे ते विचारलं. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले ते थेट चपला घालून गेले. मशीन बघायचं राहिलं आणि पेनही टेबलावरच राहिलं.

"आठवडा पुरा झाला होता ना?" बऱ्याच वेळानं बायकोनं विचारलं.

"आठ दिवस," जावईबापू म्हणाले.

"मग राहू दे मशीन."

बाई शब्दाची पक्की होती. पण बाबांचा राग कसा काढायचा, हे तिलाही सुचेना. सासऱ्यांनी मात्र पेन खिशाला लावलं ते लावलंच. तब्येत बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आता पेन दाखवतात, आणि जावईबापू चहाचा ट्रे घेऊन उगाच दारात रेंगाळतात.

काल शेजारचे निवृत्त मास्तर आले होते. त्यांनी पेन पाच मिनिटं निरखलं. काय कारागिरी आहे, म्हणाले, आणि विचारलं, "कोणी केलं हो हे?"

बेचाळीस पेनांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. जावईबापूंनी ट्रे खाली ठेवून घसा खाकरला.

"मीच," सासरे म्हणाले. "सहा वर्षं लागली."