पेंडर आधी जाणार

“पेंडर आधी जाणार,” एल्डन मर्कल फोनवर म्हणाला. “शनिवारी दुपारी. आणि माझ्याच हातून जाणार.”

डोरीनच्या हातातली कॉफीची किटली कपावरच थांबली. बाहेर ओहायो नदीवरून धुकं चढत होतं. काठावरची घरं त्याने केव्हाच पोटात घेतली होती आणि आता ते डोरीनच्या हॉटेलच्या उंबऱ्याशी, आत येऊ की नको अशा विचारात घुटमळत होतं.

“म्हातारा आहे रे, मान्य,” एल्डन पुढे म्हणाला. “गुडघ्यांबद्दलही ऐकलंय मी. पण खांदे बघितलेस? नाही लायल, माझं ठरलंय. इतकी वर्षं वाट बघितली. आता दुसऱ्या कोणी उचललेला मला बघवणार नाही.”

एल्डनचा आवाज पिढीजात मऊ होता. आजोबांचा, बापाचा आणि आता त्याचा धंदा एकच, अंत्यविधीचा. हार्लो बेंड गावात जो कोणी गेला, तो मर्कलांच्याच दारातून गेला. समोर आलेल्या माणसाची लांबी-रुंदी त्याची नजर आपसूक घेई, आणि ज्याची घेई तो माणूस नकळत कोटाची बटणं लावी. अशा माणसाने कॉफी पिता पिता ‘पेंडर शनिवारी जाणार’ म्हणावं, आणि गावात पेंडर आडनावाचा एकच जीव असावा, हार्डवेअरच्या दुकानातला क्लाइड पेंडर, सत्तरी ओलांडलेला, तर डोरीनने दुसरं काय समजायचं?

खरी गोष्ट साधी होती. एल्डन आणि त्याचे अकरा मित्र अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या फुटबॉलचा, एक खेळ खेळत, बसल्या जागेवर. प्रत्येकाचा एक कागदी संघ. खरे खेळाडू रविवारी मैदानात जेवढे धावतील, तेवढे गुण यांच्या पदरात. आणि हा घराणेशाहीचा खेळ होता. एकदा उचललेला खेळाडू तुमचा तो तुमचाच, तो निवृत्त होईपर्यंत. दर मे महिन्यात नवखी पोरं यायची, तेव्हा बाराजणांनी जमून पाळीपाळीने एकेक उचलायचा. ज्याचा संघ तळाला, त्याची पाळी पहिली. एल्डनचा संघ यंदा पहिल्यांदाच अगदी तळाला गेला होता, आणि त्याच वर्षी कोरी पेंडर नावाचा असा पोरगा आला होता की पिढीत एखादाच येतो. चोवीस वर्षांचा होता. नवख्यात चोवीस म्हणजे म्हाताराच. पण धावू लागला की शेतात वारा शिरल्यासारखं वाटायचं. एल्डनला बाकी कसला शौक नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचं संपलेलं सावरणाऱ्या माणसाला आपलं काहीतरी सुरू होताना बघायचं होतं, एवढंच.

डोरीनने किटली खाली ठेवली आणि मागच्या दाराने गेली. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं.

मंगळवारी एल्डन किराणा दुकानात शिरला आणि आतलं बोलणं दिवा फुंकावा तसं विझलं. बुधवारी सकाळी त्याच्या पायरीवर चेरीचा केक ठेवलेला होता, अजून गरम, आणि धुक्यात लगबगीने लांब जाणारी पावलं तेवढी ऐकू आली. रस्त्यात माणसं त्याला पाहून पलीकडे जात आणि पलीकडून टोपी काढत. कोणीतरी गेलं असावं आणि आपल्याला कळवायचं राहिलं असावं, असं त्याला वाटलं. पण कोणीच गेलं नव्हतं. गाव नुसतं श्वास धरून बसलं होतं.

बुधवारीच मिसेस हॉब्जनी त्याला पोस्टाबाहेर गाठलं.

“एल्डन बाळा, एक विचारू? ऑक्टोबरपर्यंत थांबता येईल का रे? नातीचं लग्न आहे.”

म्हाताऱ्या माणसांना आपलं आधीच ठरवून ठेवायचं असतं, हे एल्डनला धंद्याने शिकवलं होतं. तो आणखी मऊ झाला. “तुमच्या सोयीने, मिसेस हॉब्ज. माझी काही घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा मी येईन.”

मिसेस हॉब्जनी त्याचा हात धरला आणि रडल्या. संध्याकाळपर्यंत गावाला हेही कळलं की एल्डनशी बोललं तर तो थोडं मागेपुढे करतो.

एल्डनचं सगळं चित्त शनिवारावर होतं. कोण वरचा, कोण खालचा, हे कागदावर त्याला उमजत नसे. त्याला चालत विचार करायची सवय. म्हणून त्याने पोरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि विक्रीच्या दालनात मांडलेल्या शवपेट्यांच्या झाकणांवर चिकटवली. सगळ्यात उंची पेटीवर पहिला, मग दुसरा, मग तिसरा. हात पाठीमागे बांधून तो पेट्यांमधून फिरे, मध्येच थांबे, एखादी चिठ्ठी ओकच्या पेटीवरून पाइनच्या स्वस्त पेटीवर नेई. “तू खाली ये,” तो पुटपुटे. “तुझ्यात दम नाही.”

गुरुवारी तिन्हीसांजेला तो असाच पुटपुटत असताना दारात क्लाइड पेंडर उभा होता. अंगावर लग्नातला काळा सूट, हातात हॅट. तो एल्डनकडे बघत नव्हता. समोरच्या पेटीकडे बघत होता, जिच्यावर ‘पेंडर’ लिहिलेलं होतं.

“अक्रोडाची?” क्लाइड म्हणाला. “अरे, मला पाइनची चालली असती.”

एल्डनने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पायरीवरच्या केकपासून पोस्टाबाहेरच्या रडण्यापर्यंत सगळं एकदम त्याच्या डोक्यात जुळलं. क्लाइडच्या गालांवर जो रंग होता, तो एल्डनच्या पुरता ओळखीचा होता. फक्त तो रंग आलेली माणसं स्वतःच्या पायाने चालत येत नसत.

“मिस्टर पेंडर, बसा आधी. हा खेळ आहे हो. हा पेंडर वेगळा. फुटबॉलवाला.”

“हो हो.” क्लाइड खुर्चीत टेकला. “तुझा बापही असाच होता. शेवटपर्यंत कोणाला घाबरवलं नाही त्याने. चांगलं घराणं तुमचं.”

“अहो खरंच. हा बघा.” एल्डनने फोनवर कोरी पेंडरचं चित्रण लावलं. हिरव्या मैदानावर पोरगा धावत होता, मागे दहाजण, पुढे कोणी नाही.

क्लाइडने ते डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलं. “एवढा कुठे पळतोय हा?”

“शेवटच्या रेषेकडे.”

“बघ. म्हणजे तेच की.” त्याने फोन परत दिला. “आणि पेंडर लिहिलंय पाठीवर. सोमवारपासून घास उतरत नाही रे एल्डन. पण एक आहे. शनिवार म्हणालास ते बरं केलंस. रविवारी दुकानाला सुट्टी असते.”

तो गेल्यावर एल्डनने डॉक्टर फिंचला बोलावलं. फिंच बाराजणांतलाच एक, आणि गेल्या वर्षीचा विजेता.

“त्याचं हृदय आधीच जुन्या मोटारीसारखं आहे,” फिंच म्हणाला. “अन्न सोडलंय, झोप सोडलीय. शनिवारी तू भरल्या सभेत ते नाव घेतलंस ना, तर तो बसल्या जागी आडवा होईल. मग उचल खरोखरचा. त्याचं नाव कोणीच घ्यायचं नाही. मी सगळ्यांना सांगतो.”

“आणि सगळ्यांनी सोडला की शेवटी तुझी पाळी येते. हो ना?”

“एल्डन, मी डॉक्टर आहे.”

“म्हणूनच शपथ घे म्हणतोय.”

फिंचने शपथ घेतली, आणि बाकीच्यांकडूनही घेववली. एल्डनने अक्रोडाच्या झाकणावरची चिठ्ठी सोडवली. ती लवकर निघेना. कोपरा तसाच चिकटून राहिला.

शनिवारी फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये बाराजण टेबलाभोवती बसले. दरवर्षी तेवढेच असत. यंदा भिंतीला टेकून अख्खं गाव उभं होतं. क्लाइड मधोमध खुर्चीवर, काळ्या सुटात, हॅट मांडीवर. खिडक्यांना धुक्याने तोंड लावलं होतं. छतावरची ट्यूब तेवढी गुणगुणत होती.

“मर्कल,” फिंच म्हणाला. “पहिला.”

एल्डनने क्लाइडकडे पाहिलं. क्लाइडने डोळे मिटून घेतले होते आणि हनुवटी जरा वर केली होती, न्हाव्यासमोर करतात तशी.

“टुइमालो,” एल्डन म्हणाला.

अख्ख्या जिल्ह्यात त्या नावाचा माणूस नव्हता. हॉलभर एक लांब सुस्कारा फिरला. टोलेडोहून मुद्दाम आलेल्या लायलने, एल्डनच्या मेहुण्याने आणि त्याच्या संघातल्या भागीदाराने, कपाळ टेबलावर टेकवलं. “दाजी,” तो टेबलाला म्हणाला, “एवढी वर्षं आपण हरत होतो ते याच्यासाठी?”

“गप बस.”

मग एकेकजण एकेक नाव घेत गेला. कोणी गावातलं आडनाव घेईना. चांगली चांगली पोरं केवळ गावात त्यांच्या नावाचे शेजारी होते म्हणून मागे राहिली. पहिली फेरी संपली तेव्हा क्लाइडने डोळे उघडले आणि कॉफी मागितली. दुसऱ्या फेरीत त्याने डोनट घेतला, मग आणखी एक. तिसऱ्या फेरीत तो खुर्ची ओढत टेबलाजवळ आला.

“हा आत्ता घेतलात तो कोण?”

“गोलवर चेंडू मारणारा आहे,” फिंचने सांगितलं.

“म्हणजे धावतो?”

“नाही. नुसती लाथ मारतो. सामन्यात दोनतीनदा येतो, लाथ मारतो, जाऊन बसतो.”

क्लाइडने कप खाली ठेवला. “आणि हा माझ्या आधी?”

पुढचं नाव आलं, त्याच्या पुढचं आलं. एकाने तर असा पोरगा घेतला की ज्याचा हात मोडलेला होता. क्लाइडच्या गालांवर आधी गुलाबी, मग तांबडा रंग चढत गेला. चौथी, शेवटची फेरी आली. पाळी पुन्हा एल्डनची.

“थांब,” क्लाइड म्हणाला आणि उभा राहिला. “सोमवारी मी पहिला होतो. डोरीनने स्वतः ऐकलंय. माझे खांदे बघा म्हणालास तू. आणि आज? लाथमाऱ्या गेला, हातमोडक्या गेला. अरे, या गावात मी तुम्हाला खिळे विकले, बिजागऱ्या विकल्या, तुमच्या बापांना उधार दिलं. एवढा टाकाऊ वाटलो तुम्हाला?”

“मिस्टर पेंडर, तुमच्यासाठीच तर…”

“माझ्यासाठी काही करू नकोस. उचल मला.”

एल्डनने फिंचकडे पाहिलं. फिंचने क्लाइडचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं, मग क्लाइडच्या लालबुंद तोंडाकडे, आणि होकाराची मान डोलावली.

“पेंडर,” एल्डन म्हणाला.

ट्यूब लुकलुकली. मिसेस हॉब्जनी हात तोंडावर घेतला. सगळं गाव क्लाइडकडे बघत होतं आणि क्लाइड स्वतःकडे, आपल्या हातांकडे, बोटांकडे, जणू आता ती कोणाची ते तपासत. मग तो सावकाश बसला.

“किती दिवसांसाठी घेतलंस?”

“निवृत्त होईपर्यंत. या खेळात तसंच असतं.”

“मग बरंय,” क्लाइड म्हणाला. “मी काही निवृत्त होत नाही.”

लायलने टेबलावरून डोकं उचललं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट झाली. पिढीचा खेळाडू त्यांना चौथ्या फेरीत, जवळजवळ फुकटात मिळाला होता, आणि अकराजण शपथेत अडकून नुसते बघत राहिले होते.

पानगळ आली, रविवारचे सामने सुरू झाले. एल्डनला आता वेगळाच त्रास होता. एखाद्या रविवारी कोरी पेंडरला त्याने कागदी संघात न खेळवता बसवून ठेवलं, की दुकानातून फोन येई. “मला का बसवलंस?” क्लाइड विचारी. “मागच्या आठवड्यात मी काय कमी धावलो?” खेळवलं आणि पोरगा पडला तरी फोन. “मला वाट करून द्यायला पुढे कोणी लावलाच नव्हता. मी एकटा किती करणार?” क्लाइड जेवू लागला होता, झोपू लागला होता. सकाळी नदीकाठाने भरभर चालताना दिसे. कोणी विचारलं तर म्हणे, संघासाठी.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी टीव्हीवर, मध्यांतराच्या जरा आधी, कोरी पेंडर पळता पळता वळला आणि घोटा धरून खाली बसला. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. एल्डन फोन हातात घेऊन बसला. फोन वाजला नाही. त्याने थोडी वाट पाहिली. मग कोट घातला आणि धुक्यातून रस्ता ओलांडला.

क्लाइड दुकानाच्या पायरीवर बसला होता. एक पाय बर्फाच्या बादलीत. आत काउंटरवरचा टीव्ही चालू होता.

“काय झालं?” एल्डनने विचारलं.

“काही नाही रे. शिडीवरून उतरताना पाऊल मुरगळलं.”

“केव्हा?”

“मध्यांतराच्या जरा आधी. मी बघतसुद्धा नव्हतो, वरच्या फळीवरचे डबे लावत होतो. का?”

एल्डन खाली पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. क्लाइडचा हात थंड होता. एल्डनने तो नेहमी धरतो तसा नाही, जिवंत माणसाचा धरतात तसा धरला.

“आता बसवशील मला?” क्लाइडने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. “खरं सांग. लंगडा माणूस कोण ठेवतो?”

“फिंचने परवाच मागितलं तुम्हाला. बदल्यात चांगली दोन पोरं देत होता.”

“मग?”

“नाही म्हटलं. तुम्ही माझे.”

क्लाइडने नाक पुसलं. थोड्या वेळाने त्याने पाय बादलीतून काढला, पाणी निथळू दिलं, आणि कठड्याला धरून उभा राहिला. “बघू तरी,” म्हणाला, आणि धुक्यात एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग हात सोडून तिसरं.

मागे, दुकानात, टीव्हीवरच्या हजारो माणसांनी एकदम आरोळी ठोकली, पडलेला खेळाडू पुन्हा मैदानात आला की ठोकतात तशी.

एल्डनने मागे वळून पाहिलं नाही.