रकाना खरा भरायचा

आमच्या गल्लीत कोणाकडे बाळ झालं की बायका बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघतात. भिकननाना येतात आणि विचारतात, "नोंद झाली का?" बाळाकडे बघतसुद्धा नाहीत. माझ्या नातवाच्या वेळी तर सून अजून दवाखान्यातच होती. नाना खाटेशी उभे, हातात कोरा फॉर्म, आणि तिला सांगताहेत की पोरी, नाव आत्ताच ठरव, मागाहून घातलंस तर जन्मभर प्रतिज्ञापत्रं करत फिरशील. सुनेनं घाबरून जे पहिलं सुचलं ते सांगून टाकलं. पुढे बारशाला आत्यानं हौसेनं कानात दुसरंच नाव सांगितलं, पण उपयोग काय? पोरगं आता सहावीत आहे, आणि आत्या सोडून त्याला त्या नावानं कोणी हाक मारत नाही.

मयतीतही तेच. माणसं अजून तिरडीचे बांबू शोधत असतात आणि नाना घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन मृत्यूच्या दाखल्यासाठी आधारकार्ड मागतात. पहिल्यांदा लोकांना राग येतो. दीड-दोन महिन्यांनी बँकेत गेल्यावर तेच लोक नानांकडे पेढे घेऊन येतात. मयतीचे पेढे कोणी वाटतं का? आमच्याकडे वाटतात.

नाना मूळचे धुळ्याकडचे, जन्म गेला जळगावात. इथल्या एका कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसले. त्या खिडकीचा दरारा असा की पोरं प्राचार्यांना नमस्कार करायला विसरत, नानांना विसरत नसत. त्यांचं एक वाक्य साऱ्या जिल्ह्याला पाठ होतं, "कागद बोलतो, माणूस बडबडतो." रिटायर झाले तरी सकाळी दहाला पिशवी घेऊन बाहेर पडणं चालूच. फरक एवढाच की आता ओट्यावर बसतात आणि ज्यांना खिडकीवरून परत पाठवलंय ती पोरं त्यांच्याकडे येतात. केळी कापायला मध्य प्रदेशातून आलेल्या पावरा आदिवासींची मुलं, पाल ठोकून राहणाऱ्यांच्या मुली, ज्यांचा जन्म कुठल्या गावच्या शिवारात झाला हे आईलाही सांगता येत नाही अशी. नाना एक पैसा घेत नाहीत. अटी दोनच. झेरॉक्स तीन काढायच्या, आणि रकाना खरा भरायचा.

या दुसऱ्या अटीवरून मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते, तेच सांगायला बसलेय.

आमच्या मागच्या गल्लीत मोहनभाई राहतात. सिंधी माणूस, कापडाच्या दुकानात नोकरीला. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिकडच्या सिंधमधून बायकोपोरांना घेऊन यात्रेच्या व्हिसावर आले आणि राहिले. परत जायला तिकडे काही उरलं नव्हतं. त्यांची पूनम तेव्हा चार-पाच वर्षांची. तिकडचा पासपोर्ट कधीच संपला, इथले कागद अजून व्हायचेत, अर्ज कुठल्याशा फायलीत पडलेला. पण पोरगी आमच्या डोळ्यांसमोर वाढली. माझ्याकडे पापड लाटायला यायची आणि लाटता लाटता अशी अस्सल अहिराणी बोलायची की आमच्या सुनांनी लाजावं. बारावीला चांगले मार्क पडले. तिला बी.एस्सी. करायचं होतं, सूक्ष्मजीव का काय म्हणतात त्यात.

मोहनभाई तिचे कागद घेऊन नानांच्या ओट्यावर आले, सोबत मीही होते. नानांनी चष्मा पुसला, शाळेचा दाखला उजेडात धरला आणि बोट एका रकान्यावर थांबलं. राष्ट्रीयत्व. तिथे लिहिलं होतं, भारतीय.

त्याचं असं झालं होतं. पहिलीत नाव घालताना पूनमनं मास्तरांना मराठी कविता घडाघडा म्हणून दाखवली होती. मास्तर असे खूश झाले की काही न विचारता त्यांनी त्या रकान्यात प्रेमानं भारतीय लिहून टाकलं. तेच पुढे बारावीपर्यंत उतरत आलं.

मी म्हटलं, चला, बरं झालं की, देवच पावला. मोहनभाईही हात जोडून हसले. नाना हसले नाहीत. म्हणाले, हे आधी दुरुस्त करावं लागेल.

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत कोणाच्या नजरेत आलं नाही, आता कॉलेज दारात आलंय, आणि हे बाबा पोरीच्या वाटेत स्वतःच्या हातानं काटे टाकताहेत. मी तसं तोंडावर बोलले. नाना शांतपणे म्हणाले, "अक्का, सरकारी फायलीत हिचा बाप लिहितो आम्ही पलीकडून आलो. दाखला म्हणतो ही इथलीच. उद्या दोन्ही कागद एका टेबलावर आले की खोटं कोण ठरेल? मास्तर तर रिटायर झाला. ही पोर ठरेल."

मोहनभाईंचे डोळे भरले. "नाना, आपने तो लडकी को परदेसी कर दिया," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

पूनम मात्र उठली नाही. तिनं विचारलं की खरं लिहिलं तर प्रवेश मिळेल का. नानांनी सांगितलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, तरी खरंच लिहा.

मी नानांकडे भाजीची वाटी पाठवणं बंद केलं. एकट्या माणसाला भाजी न पाठवणं ही आमच्या गल्लीत मोठी शिक्षा आहे. एकटे म्हणजे, वहिनी पाच वर्षांपूर्वी गेल्या आणि मुलगा प्रकाश अमेरिकेत. तो कधी येत नाही. विचारलं की नाना म्हणतात, "रजा मिळत नाही." आईच्या मयतीलाही आला नाही, तेव्हाही नानांनी तेच सांगितलं. आम्ही बायकांनी त्या पोराला आणि त्याच्या कंपनीला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही.

तर शाळेत दोन खेटे, शिक्षण खात्यात तीन. भर उन्हात नाना आणि पूनम रिक्षानं जायचे, आणि रिक्षातही नाना तिला अर्जाच्या खाली सही कुठे करायची ते शिकवायचे. रकाना खरा झाला. मग परदेशी माणसांची नोंद ठेवतात त्या पोलीस कचेरीत गेले. तिथले साहेब चक्रावले म्हणे. आजवर आलेला प्रत्येक जण आम्ही परके नाही म्हणून भांडायचा, पोरगी परकी आहे म्हणून भांडणारा हा पहिलाच म्हातारा. त्यांनी नानांना बसायला खुर्ची दिली, फाईल शोधायला लावली, आणि चौथ्या खेपेला पत्र दिलं. यांचा अर्ज आमच्याकडे विचाराधीन आहे, मुलीच्या शिक्षणाला आमची हरकत नाही.

पत्र हातात पडलं तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. चार वाजत आले होते. एव्हाना माझा अबोला मलाच जड झाला होता, म्हणून मीही रिक्षात चढले. नानांच्या जुन्या खिडकीवर आता संजय होता, नानांनीच तयार केलेला. कागद बघून त्यानं मान हलवली. अशी केस कधी आली नाही, फॉर्ममध्ये बसत नाही, तुम्हीच शिकवलंत ना नाना, शंका असेल तर परत पाठवायचं.

एकतीस वर्षं आतून बघितलेल्या त्या खिडकीपुढे नाना पहिल्यांदा बाहेर उभे होते. खिडकी आतून सोयीची असेल, बाहेरून बुटकी होती. नानांना वाकावं लागलं. ते वाकले आणि म्हणाले, "संजय, नाही म्हणायला मी तुला शिकवलं. हो कसं म्हणायचं ते शिकवायचं राहून गेलं बघ."

संजय उठला. कागद घेऊन आत प्राचार्यांकडे गेला. पूनमनं ओढणी डोळ्यांना लावली. नाना तिच्याकडे न बघता पुटपुटले, "रडू नको पोरी, बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल, हे आमच्या अहिराणीत. पाचाला दहा मिनिटं असताना संजय परत आला. पुढचे कागद येतील तसे जोडायच्या अटीवर तात्पुरता प्रवेश. पूनमनं पावतीच्या झेरॉक्स काढल्या. न सांगता तीन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन नानांकडे गेले. म्हटलं, शिक्षा संपली. नाना मोबाईल हातात धरून बसले होते, नुकतंच बोलणं झालेलं दिसत होतं. मी सहज म्हटलं, प्रकाशला सांगितलं का, बापानं काय पराक्रम केला ते?

"सांगितलं," नाना म्हणाले. आणि मोबाईल उलटा ठेवत, "अक्का, त्याला रजा मिळते. यायला मिळत नाही."

मग हळूहळू सगळं सांगितलं. प्रकाशच्या व्हिसाची मुदत कधीच संपली. निघाला तर परत घेणार नाहीत, म्हणून निघत नाही. दोन वर्षांचा नातू घेऊन गेला होता, तो आता सतराचा. शाळेत पहिला येतो. त्यालाही तिकडे कॉलेजला जायचंय, आणि त्याच्याकडेही कागद नाही.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही जाऊन आलात? वहिनी तरी त्याला भेटल्या असत्या. नाना म्हणाले, पासपोर्ट काढला होता दोघांचा. व्हिसाचा फॉर्मही आणला होता. त्यात एक रकाना होता, तिथे तुमचं कोण राहतं आणि कोणत्या हक्कानं राहतं. खरं लिहावं तर प्रकाशच अडकणार. "ती म्हणायची, राहू द्या कोरा. एवढा एकच रकाना, कोण बघतंय. मला नाही जमलं, अक्का." फॉर्म वहिनींच्या उशाशी दीड वर्षं, त्या गेल्या तोवर, पडून होता.

मी ताट पुढे सरकवलं.

नानांनी ताटाकडे बघितलं नाही. नातू आज तिकडच्या एका कॉलेजात विचारायला जाणार होता, त्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं की सकाळी जाऊ नकोस, दुपारचं जेवण झाल्यावर जा. पोट भरलेला कारकून कागद शेवटपर्यंत वाचतो.

"तिथल्या खिडकीतला माणूस जेवून येत असेल ना हो, अक्का?"

मी म्हटलं, येत असेल की. माणूस आहे, जेवेलच. नानांनी घड्याळाकडे बघितलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. आमच्याकडे दिवेलागण होत आली होती, तिकडे आत्ता कुठे सकाळ उजाडत होती. मी ताटावर ताट झाकलं आणि तिथेच बसून राहिले.