पगारवाढीची मालकीण

पगार ही माणसाच्या हातात येणारी वस्तू नसून त्याच्या हातून पुढे जाणारी वस्तू आहे, हे सर्व प्रगत शहरांनी केव्हाच मान्य केलेलं आहे. मागासलेल्या गावांत अजूनही काही लोक पगाराला हातात थोडा वेळ टेकू देतात. (म्हणूनच ती गावं मागे राहिली.)

अशाच एका गावातून पुलांचा हिशेब करणारा एक तरुण इंजिनियर फार महागड्या शहरात नोकरीला आला. पगाराचा आकडा ऐकून त्याच्या बाबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला, खात्री करून घेतली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ झाला.

खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखाली. दार अर्धंच उघडायचं, कारण उरलेल्या अर्ध्यात पलंग होता. कपाट उघडायला पलंगावर चढावं लागे आणि पलंगावर आडवं व्हायला कपाट बंद करावं लागे. खिडकी होती, ती शेजारच्या भाडेकरूच्या खोलीत उघडायची. (तिचं भाडं दोघांत विभागलेलं होतं.)

घरमालकीण काकू मात्र मायाळू होत्या. आयुष्यभर त्यांनी फक्त इंजिनियरांनाच खोल्या दिल्या. "डॉक्टरांना वेळी-अवेळी फोन येतात आणि कवींना येतच नाहीत," असं त्या म्हणत. भाडं त्या आकड्यात कधी सांगत नसत. करारात स्वच्छ लिहिलेलं होतं: 'भाडे म्हणजे पगाराचा साठ टक्के भाग. पगार वाढल्यास भाडे वाढेल. पगार कमी झाल्यास मालकीण मनापासून हळहळेल.'

मुलाच्या पगाराची काळजी आईबापांना असते, हा एक गैरसमज आहे. पगारवाढीचा हंगाम जवळ आला तसा काकूंचाच डोळ्याला डोळा लागेना. त्यांनी त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि खोलीत खुर्ची मावत नसल्यामुळे त्याला पलंगावर बसवून सराव घेतला.

"तुमच्यातली उणीव काय?" काकूंनी साहेबी आवाजात विचारलं.

"मी कामात फार गुंतून जातो."

"हे गेल्या वर्षी शेजारच्या खोलीतल्यानं सांगितलं होतं. साहेबांनी त्याला आणखी काम दिलं. दुसरं सांग."

त्या वर्षी आठ टक्के वाढ झाली. काकूंचा हिस्सा आपोआप वाढला. वर मार्गदर्शनाचे दोन टक्के लागले. पण पुढच्या वर्षी नुसतीच चार टक्के वाढ मिळाली आणि काकू जिन्यातच खाली बसल्या.

"साहेबांना काय म्हणालास तू?"

"म्हटलं, बघा, जमलं तर."

"जमलं तर? अरे, माझ्या गच्चीला हाताएवढी भेग पडलीय, आणि तू 'जमलं तर' म्हणतोस?"

दुसऱ्या दिवशी काकू पर्स घेऊन थेट त्याच्या ऑफिसात हजर झाल्या. मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखांनी विचारलं, "आपण यांच्या कोण?"

"मी यांचा पगार घेते," काकू म्हणाल्या.

प्रमुख स्वतः भाड्यानेच राहत होते. घरमालकिणीचा सूर ऐकताच ते सवयीने उठून उभे राहिले आणि बारा टक्क्यांवर सही करूनच बसले. कंपनीला या भेटीतून मोठंच प्रशासकीय ज्ञान झालं. आठवड्याभरात परिपत्रक निघालं: 'कर्मचाऱ्यांना पगार हाताळताना होणारा मनस्ताप विचारात घेऊन, यापुढे भाड्याची रक्कम परस्पर घरमालकांच्या खात्यात जमा करण्यात येईल, व पगारवाढीची बोलणीही त्यांच्याशीच केली जातील.' पगाराबाबत समाधानी असलेल्यांचं प्रमाण एकतीस टक्क्यांवरून सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं. (नवी पाहणी घरमालकांची होती.) वार्षिक समारंभात काकूंना दीर्घ सेवेबद्दल घड्याळ मिळालं. इंजिनियरने टाळ्या वाजवल्या. त्याचं त्या वर्षातलं ते एकमेव सादरीकरण, ज्याला कुणी हरकत घेतली नाही.

अशात गावाकडून नोकरीचं बोलावणं आलं. जुने पूल दुरुस्त करणारी छोटी कंपनी, पगार निम्मा. त्याने आकडेमोड केली. राहायला आपलं घर, कामाला सायकलने. शिल्लक कितीतरी जास्त पडत होती. त्याने आनंदाने बाबांना फोन लावला.

"निम्मा?" बाबांनी फोन पुन्हा या कानावरून त्या कानावर घेतला. "मग लोकांना काय सांगू?"

"सांगा, हातात जास्त उरतं."

"हातात काय उरतं ते कोण विचारतंय रे? रडतखडत का होईना, तिथेच राहा."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला रडू कोसळलं. पलीकडच्या भाडेकरूने सामाईक खिडकीतून रुमाल पुढे केला. तो आधीच ओला होता.

पुढे कंपनीचं एक मोठं कंत्राट हुकलं आणि कपात आली. प्रमुखांनी त्याला बोलावून खेदपूर्वक सांगितलं, "तुमची जागा बंद होतेय. काकूंचं मात्र चालू राहील. त्यांच्याशी आपला तीन वर्षांचा करार आहे."

तो चक्क हसला. काढलेला माणूस हसतो आहे म्हटल्यावर प्रमुखांनी घाईघाईने पाणी मागवलं.

निघताना काकूंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. त्यांनी वाटेसाठी डबा बांधून दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तिकडे पगारवाढ माग हं बाळा. लाजू नकोस." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. इतकी वर्षं त्याच्यावर विश्वास टाकलेलं दुसरं कोणी त्याला आठवेना.

आता तो गावी जुने पूल दुरुस्त करतो. त्याच्या खोलीला दोन खिडक्या आहेत आणि दोन्ही बाहेर उघडतात. महिनाअखेरीस खिशात पैसे सापडले की अजूनही त्याला ते दुसऱ्या कुणाचे वाटतात. बाबा लोकांना सांगतात, "मुलगा रजेवर आलाय." रजेला चार वर्षं झाली.

त्या महागड्या शहरात त्याला नेमका पगार किती होता, हे या गोष्टीत कुठेही सांगितलेलं नाही. ज्यांच्या हे लक्षातही आलं नाही, त्यांना आमचा नमस्कार. राहिलेले वाचक, जे सुरुवातीपासून तो एक आकडाच शोधत होते, त्यांनी निराश होऊ नये. जिन्याखालची खोली सध्या रिकामी आहे, आणि तुमचा मुलगा यंदा कितवीला आहे, असं काकूंनी विचारलं आहे.