डिकीतून केलेलं निदान

गाडीचं दुखणं मला नुसतं ऐकून कळतं. फुशारकी मारत नाही! एकेचाळीस वर्षं मी त्या गाडीत यांच्या शेजारी बसले आहे. गाडी लाल, स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची. जमिनीला इतकी लागून की उतरताना आपण आत बसलो होतो की पडलो होतो, असा प्रश्न पडावा. तिचा सायलेन्सर फुटला तो दिवस मला आठवतो. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला ती सकाळही आठवते. यांना आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण ते असो.

म्हणून यंदा गाडी झटके द्यायला लागली तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "काळजी करू नका. आठवड्याच्या आत शोधून काढते!"

झटके कसले, उचक्याच त्या! पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बरी चाललेली गाडी मधेच धडक्-धडक् करत पुढे-मागे व्हायची. आमच्या दोघांच्या माना कबुतरांसारख्या हलायच्या. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, आम्ही ओळख दाखवतोय. तेही मान हलवायचे. त्या महिन्यात आमच्या ओळखी फार वाढल्या.

एकदा नेमका मुलगा त्याच्या गाडीतून आमच्या मागून येत होता. घरी पोचल्या पोचल्या सुरू झाला.

"बाबा, ही गाडी आहे की बेडूक? रविवारपर्यंत नीट झाली नाही तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. तुम्हा दोघांना मला हॉस्पिटलमध्ये बघायचं नाहीये."

"अरे, जन्मलास तेव्हा चौथ्या दिवशी तुला याच गाडीतून घरी आणलं. माझ्या मांडीवर! वाटभर गाढ झोपला होतास."

"आई, तेव्हा गाडी तरुण होती."

हे उठले. खाली जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आमचा मेकॅनिक वीस वर्षांपासूनचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो दोष ऐकतो, म्हणून आम्ही त्याला 'डॉक्टर' म्हणतो. त्याने सोमवारी प्लग बदलले. मंगळवारी इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदलली. बुधवारी गाडीखाली झोपून शाफ्टचे सांधे हलवून पाहिले. दर वेळी तो स्वतः फेरी मारून यायचा. गाडी लोण्यासारखी! आम्ही दोघं बसून घरी निघालो की धडक्-धडक्!

"डॉक्टर, तुमच्यासमोर ही शहाण्यासारखी वागते हो!"

"मावशी, दवाखान्यात आल्यावर पेशंटला बरंच वाटतं."

शुक्रवारी मी निकाल दिला. "आवाज मागून येतो. मागची चाकं फिरवणाऱ्या त्या पेटीतून. कुणीतरी डिकीत बसून ऐकायला हवं."

डॉक्टरने आपल्या पोटाकडे पाहिलं, मग डिकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. यांनी चालवणं भाग होतं, कारण झटके यांच्याच हातून यायचे. उरले मी. माझी उंची चार फूट दहा इंच, त्यातले दोन इंच वयाने परत नेलेले.

"अगं, या वयात डिकीत?" हे ओरडले.

"सोमवारी भंगारवाला आला की रडत बसाल, त्यापेक्षा हे बरं!"

तर शनिवारी सकाळी मी उशी घेऊन डिकीत शिरले. झाकण वीतभर उघडं ठेवून दोरीने बांधलं. डॉक्टर यांच्या शेजारी बसला. ठरलं असं, की डावीकडून आवाज आला तर मी आतून एकदा ठोकायचं, उजवीकडून आला तर दोनदा.

निघालो. पहिल्याच खड्ड्याला डावीकडे काहीतरी खटकलं. मी ठोकलं. धडक्! मग उजवीकडे. ठक्-ठक्! धडक्-धडक्! अरे देवा, इतके झटके महिनाभरात मिळून आले नव्हते! माझी मान, चष्मा आणि उशी तिघंही वेगवेगळ्या दिशांना गेली. पण मी डगमगले नाही. ठोकत राहिले.

सिग्नलला गाडी थांबली. फटीकडे घसरलेला चष्मा चाचपायला मी फटीतून हात बाहेर काढला.

"अहो! डिकीत बाई आहे!" बाहेर कुणीतरी किंचाळलं.

दोरी सुटली. समोर वाहतूक पोलीस, चांगली धिप्पाड बाई.

"आजी, घाबरू नका. कुणी कोंबलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी आपणहून बसले आहे."

"दमदाटी केली का यांनी?"

"यांनी? मला?" मला हसूच आवरेना. ते हसणं तिला भीतीचं वाटलं.

तिने गाडी बाजूच्या मोकळ्या गल्लीत घ्यायला लावली आणि घरच्यांचा फोन नंबर मागितला. घरचा म्हणजे मुलाचाच की! "तुमच्या आई डिकीत सापडल्या आहेत," एवढंच तिने सांगितलं. तो दहा मिनिटांत आला. एका पायात बूट, एका पायात चप्पल.

"बस झालं, आई! सोमवार कशाला, आजच बोलावतो त्याला!"

हे गाडीला टेकून उभे होते. एकदम म्हातारे दिसले.

तेवढ्यात डॉक्टर खाकरला. "एक मिनिट. मावशी आतून ठोकायच्या, आणि दर वेळी काकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला जायचा."

"ऐकायला!" हे म्हणाले. "पाय काढला की इंजिन शांत होतं, नीट ऐकू येतं. मग पुन्हा दाबतो."

"काका, जुनी गाडी आहे. इंजिन आणि चाकांमधले सांधे थोडे ढिले असणारच. पाय काढला की ते मागे सरकतात, दाबला की पुढे आपटतात. तोच झटका!"

"पण डिकीत मी आजच बसले!" मी म्हटलं. "झटके महिनाभर आहेत!"

"शेजारी बसून तुम्ही काय म्हणता, मावशी?"

"काही नाही बाई! कुठे खट्ट झालं तर एवढंच म्हणते, 'अहो, ऐकलंत?'"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

पोलीसबाईंनी तिथल्या तिथे परीक्षाच घेतली. आधी त्या स्वतः शेजारी बसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन गाडी परत आली, लोण्यासारखी. मग मला बसवलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, खरंच! पण पन्नास पावलांवर खड्डा आला आणि... "अहो, ऐक—"

धडक्-धडक्!

मुलगा रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "गाडी राहू दे. पण आई, गाडीत एक अक्षर बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल!" हे म्हणाले. मला विचारलेल्या प्रश्नाला, आणि इतक्या चटकन!

आता आम्ही रोज संध्याकाळी फेरी मारतो. मी तोंड मिटून बसते. पण कान थोडेच मिटतात? म्हणून मी एक वही केली आहे. जे ऐकू येईल ते लिहायचं आणि घरी आल्यावर यांना वाचून दाखवायचं. पहिले तीन दिवस काही ऐकूच आलं नाही. काल मात्र मागे बारीक काहीतरी कुरकुरलं. मी मुकाट्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि धडक्-धडक्!

यांनी पाय उचलला होता. मी काय लिहितेय, ते यांना वाचायचं होतं.